पावणेअठ्ठावीस इंच

११ नोव्हेंबर, कोल्हापूर

निवडणूक उरकली की ठाण्यात जमा केलेली हत्यारं घरोघरी परततात आणि मग इथे बंदुकीच्या दुकानात साफसफाईला रांग लागते. सकाळीच मालकांचा फोन आला. "काका, पेटी घेऊन या. दोघा भावांचं भांडण आहे. नुसत्या टेपनं मिटंल असं वाटत न्हाई." टूलरूममधून निवृत्त झाल्यापासून माझी मोजमापाची पेटी घरापेक्षा या दुकानातच जास्त उघडते.

भाऊ आजऱ्याचे. बंदूक त्यांच्या आजोबांची. लायसनवरच्या भाषेत बारा बोअर डीबीबीएल, म्हणजे दुनळी. बाहेर दोन घोडे, दमास्कसच्या नळ्या, पट्टीवर कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचं नाव. वडील वारल्यावर ती थोरल्याच्या नावावर चढली. आता रीतसर परवानगी काढून विकायची आणि पैसे वाटून घ्यायचे, असं ठरलं होतं. एका हौशी गिऱ्हाइकानं आधी बरी किंमत बोलून दाखवली. मग बंदूक हातात घेतली, तोंडाकडून पाहिली आणि 'नळ्या कापल्यात' म्हणून तो निम्म्यावर आला.

थोरल्याचं म्हणणं, ही पाडून मागायची युक्ती. धाकट्याचं वेगळंच. "कापली असंल तर कुणी कापली, ते बी एकदा कळू द्या." त्याचा रोख घरातल्याच कुणावर तरी असावा. मी त्यात पडलो नाही.

आधी लांबी. बंद बंदुकीवर टेप टाकून मोजणारे पुष्कळ. घोड्याजवळच्या कुठल्यातरी रेषेपासून सुरुवात करतात आणि दोन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सहज चुकतात. नळ्या उतरवायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि मागच्या सपाट तोंडापासून पुढच्या तोंडापर्यंत पोलादी पट्टी धरायची. २७ इंच ६ सूत भरले. पावणेअठ्ठावीस.

थोरल्याला बरं वाटलं. "अठ्ठावीसचीच हाय. दोन सूत झिजली असंल." नळी लांबीला अशी झिजत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण गिऱ्हाइकाचं खरं, असंही लगेच म्हणता येत नाही. अशा बाहेर घोडे असलेल्या बंदुकांच्या काळात इंग्लंडात बारा बोअरला ३० इंच ही सर्रास लांबी होती. पुढे २८ची चाल पडली. मागणीप्रमाणे २९, ३२ सुद्धा करून देत. शिवाय तोंडाला ठोकर बसली म्हणून दोन सूत घासून घेतलेली २८ची नळीही मिळते. म्हणून आकडा वहीत लिहिला आणि निकाल राखून ठेवला.

१२ नोव्हेंबर

आजचा दिवस नळ्यांच्या तोंडापाशी गेला.

दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींना समांतर असतात असं बहुतेकांना वाटतं. त्या तशा नसतात. चेंबरपाशी नळी जाड असते, कारण सगळा दाब तिथे. पुढे ती पातळ होत जाते. अशा दोन निमुळत्या नळ्या शेजारी शेजारी बसवल्या की त्यांचे आस पुढे जाताना जवळ येतात. चांगल्या इंग्रजी कामात नळ्या मागे एकमेकींना टेकतात, मध्ये थोड्या सुटतात (ती फट वरच्या आणि खालच्या पट्टीने झाकलेली असते) आणि तोंडाशी पुन्हा टेकतात. टेकण्याची ती जागा कारागिराने लांबी ठरवून मगच साधलेली असते. तोंडाकडून इंचभर जरी उडवला, तरी टेकण्याची जागा गेली आणि मधली फट उघड्यावर आली.

या बंदुकीत फट आहे. फीलर गेजची ०.९ मिलिमीटरची पाती दोन नळ्यांच्या मधून जाते. पाती घालण्याआधी तिथला डाख थोडा खरवडावा लागला. राखाडी, मऊ, नख मारलं तर ओरखडा उठतो असा. मूळच्या कामात या जागी लोखंडाची बारीक पाचर असते आणि तिच्यावर नळ्यांचाच तपकिरी रंग चढलेला असतो.

वहीत थोडं गणित मांडलं. चेंबरच्या बाजूला दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर २६.५ मिलिमीटर. तोंडाशी २१.१. म्हणजे पावणेअठ्ठावीस इंचात नळ्या ५.४ मिलिमीटर जवळ आल्या, दर इंचाला ०.२ च्या जरा आत. आज तोंडाशी प्रत्येक नळीची बाहेरची जाडी २०.२ भरते. मधलं अंतर २१.१, नळी २०.२, राहिली ती ०.९ची फट. आता हीच रेघ ३० इंचांपर्यंत ओढली तर मध्यांमधलं अंतर २०.७ च्या आसपास येतं. चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी आतून आवळलेल्या नळीचं तोंड बाहेरून किंचित जाड ठेवतात. ते २०.६-२०.७ असेल तर नळ्या बरोबर ३० इंचांवर टेकतात. जमतं. पण गणित जमलं म्हणून पुरावा झाला असं नव्हे. मी ३० हा आकडा मनात धरून बसलो असेन तर ते जमणारच.

बाकीच्या खुणा भिंगाखाली. दोन्ही तोंडांवरून आडव्या जाणाऱ्या कानशीच्या रेघा, एका नळीवरून दुसरीवर सलग. दोन नळ्या एकाच वेळी, एकाच हाताने घासल्याशिवाय अशा रेघा येत नाहीत. माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा मणी, पितळेची, वाटाण्याएवढी, आणि पट्टीच्या मध्यापासून डावीकडे झुकलेली. त्या काळच्या इंग्रजी बंदुकीवर माशी बारीक, बहुधा चांदीची असते. पण माशी पडते, हरवते, गावात मिळेल ती बसवली जाते. तिचं वजन मी कमीच धरतो.

पट्टीवरच्या नावाचं वजन त्याहून कमी. अक्षरं पट्टीच्या मधोमध नाहीत म्हणून नळी कापलेली, असा युक्तिवाद करणारे मी ऐकले आहेत. खोदकाम करणारे अक्षरं कुठून सुरू करत, याचा एकच नियम नव्हता. बाकी रॉडा हे नाव वाचलं की मला बंदुकीआधी १९१४ चा ऑगस्ट आठवतो. याच कंपनीची ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं बंगालच्या क्रांतिकारकांनी भर कलकत्त्यात, भर दिवसा पळवली होती. कंपनी विकायची; बंदूक घडली मात्र बर्मिंगहॅमला. ते खालचे शिक्के सांगतात. शिक्के उद्या-परवा.

१३ नोव्हेंबर

काही झालं नाही. बोअर गेज शिरोलीच्या एका कारखान्यातून उसना आणायचा होता, तो माणूस रजेवर.

१५ नोव्हेंबर

गेज मिळाला. लहान व्यासाचा, डायलचा, लांब दांडीचा. इंजिनाचे सिलिंडर तपासायला वापरतात तोच प्रकार. नळ्या आधी आतून पुसून घेतल्या. ठाण्याच्या खोलीत पडून राहिल्याने आत तांबूस धूळ होती. खोल खड्डे नाहीत.

इंग्रजी पद्धतीत बोअर मोजतात तो मागच्या तोंडापासून ९ इंचांवर. उजवी १८.६ मिलिमीटर. डावीही १८.६. मग दर इंचाला एक नोंद घेत तोंडापर्यंत गेलो. दोन्ही नळ्यांत शेवटपर्यंत १८.६, सुई हलायला तयार नाही. चोक शून्य.

चोक म्हणजे तोंडाजवळ बोअर किंचित आवळणं, म्हणजे छर्रे दूरवर एकत्र राहतात. हे आवळणं बहुतेक बंदुकांत शेवटच्या दोन-तीन इंचांतच असतं. म्हणून नळी दोन इंच कापली की चोक जवळजवळ पूर्ण जातो. उलट, चोक नाही म्हणून नळी कापलीच, असं म्हणता येत नाही. जवळच्या शिकारीसाठी मुद्दाम बिनचोकाच्या नळ्या करून घेणारे होतेच. नळी न कापता आतून रीमर फिरवून चोक काढून टाकणारेही होते. तिसरा प्रकार लबाडीचा नसला तरी फसवणारा: कापून चोक गेल्यावर तोंडाच्या थोडं मागे बोअर आतून मोठा करतात, म्हणजे तोंड आपोआप त्या मानाने अरुंद ठरतं. गेजवर तो लगेच कळतो, कारण सुई आधी मोठ्या बाजूला जाते आणि मग मूळ मापाला परत येते. इथे तसंही काही नाही.

तोंडाशी धातूची जाडी ०.८ मिलिमीटर. चोकवाल्या तोंडाला ही फार पातळ. चोक आतून काढला असता तरी तोंड पातळ झालंच असतं, पण बाहेरचा व्यास तोच राहिला असता आणि नळ्या एकमेकींना टेकलेल्या राहिल्या असत्या. इथे तोंड पातळ आहे आणि फटही आहे.

धाकटे भाऊ आज एकटेच आले होते. गेजच्या डायलकडे बराच वेळ बघत बसले. "ह्यात नाव बी येतंय का, कुणी केलं ते?" म्हणाले. चहा पाजून परत पाठवलं.

१६ नोव्हेंबर

शिक्के. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि बंदूक बघणाऱ्यांपैकी फार थोडे तो वाचतात. नळ्या उतरवून उलट्या केल्या की चेंबरच्या पोटाशी दोन सपाट पट्टे दिसतात. शिक्के तिथे असतात, तोंडापासून सगळ्यात दूर. नळी पुढून कितीही कापा, हा कागद शाबूत राहतो.

बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ सालचं. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवायची आणि टिकली तर शिक्का मारायचा, हे तिथलं काम. मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड आणि भोवती अक्षरं, हा त्यांचा जुना शिक्का. या बंदुकीवर तो दोन्ही नळ्यांवर स्वच्छ आहे. उजव्या नळीवर नुसता '१२'. डाव्या नळीवर मात्र तीन इंग्रजी शब्द: नॉट फॉर बॉल. आणि त्याच्या शेजारी '१२ बी' आणि '१४ एम'.

एवढ्यात बंदुकीचं वय कळतं. चोक १८७०च्या दशकात ग्रीनर या बंदूकवाल्याने गाजवला. १८७५ साली लंडनमध्ये 'द फील्ड' या पत्राने घेतलेल्या चाचण्यांत चोकवाल्या बंदुका सरस ठरल्या आणि मागणी उसळली. आवळलेल्या तोंडातून छऱ्यांऐवजी अख्खी शिशाची गोळी मारली तर नळी फुगेल, म्हणून प्रूफ हाऊसने त्याच वर्षापासून चोकवाल्या नळ्यांवर 'गोळीसाठी नाही' ही ताकीद कोरायला सुरुवात केली. १८८७ साली हे शब्द जाऊन तिथे नुसता 'चोक' आला. म्हणजे आजऱ्याची बंदूक या बारा वर्षांतली.

'बी' आणि 'एम' याहून मोलाचे. 'बी' म्हणजे मागचं माप, 'एम' म्हणजे तोंडाचं. हे आकडे इंचांत नसतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून आकडा वाढला की भोक लहान. बाराचं माप १८.५ मिलिमीटर, तेराचं १८.०, चौदाचं १७.६. तपासनीस दांडीचे गेज घालून बघत. '१४ एम' याचा अर्थ तोंडात चौदाचा गेज गेला आणि तेराचा गेला नाही. म्हणजे बंदूक बर्मिंगहॅमहून निघाली तेव्हा डाव्या नळीचं तोंड १७.६ ते १८.० मिलिमीटरच्या दरम्यान होतं. आज ते १८.६ आहे.

उजवीबद्दल शिक्का काही बोलत नाही, कारण ती जन्मतःच बिनचोकाची. तेव्हा उजवी सरळ आणि डावी आवळलेली, ही जोडी फार चालायची. पहिला बार जवळचा, दुसरा लांबचा.

मालकांना दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे काका, निकाल लागला." डाव्या नळीचा चोक गेला आहे, एवढा निकाल लागला. तो कापून गेला हे फट आणि कानशीच्या रेघा सांगतात. दोन्ही एकत्र वाचले तर शंकेला जागा फार उरत नाही. थोडी उरते.

शिक्क्यांची ही रीत इतर देशांतही आहे. जर्मन दुनळीवर मुकुटाखाली 'डब्ल्यू' असेल तर ती नळी चोकची. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅम बंदुकीवर खुणा वेगळ्या, पण 'चोक' शब्द पुढेही दिसतो. जिथे शिक्का चोक सांगतो आणि गेज नाही म्हणतो, तिथे नळीला नंतर कुणाचा तरी हात लागला आहे.

१९ नोव्हेंबर

दुकानात 'कापलेली' म्हणून आणखी एक बंदूक आली. आता मला हीच कामं मिळणार असं दिसतं. निपाणीकडच्या एका डॉक्टरांची, बिनघोड्याची, बर्मिंगहॅमचीच, दोन महायुद्धांच्या मधली. नळ्या फक्त २५ इंच. दुकानात आलेल्या तिघांनी बघताक्षणी मान हलवली.

मी तोंड पाहिलं. नळ्या घट्ट टेकलेल्या, मध्ये केससुद्धा जाणार नाही. दोन्हींत चोक, गेजवर स्वच्छ. पट्टी उंच, अरुंद आणि पुढे निमुळती होत माशीपर्यंत नीट पोचणारी. शिक्क्यांत 'चोक'. तपासनिसाच्या बारक्या खुणेत वर्षाचं अक्षरही होतं. ती पद्धत बर्मिंगहॅमने १९२१ पासून सुरू केली. एक सूतही कापलेलं नाही.

२५ इंचांचं हे वेड लंडनच्या रॉबर्ट चर्चिल या बंदूकवाल्याने १९२०च्या दशकात आणलं. खुनांच्या खटल्यांत बंदुकीचा तज्ज्ञ म्हणून साक्ष देणारा तो हाच. आखूड नळी हलकी, चटकन खांद्याला येते, असा त्याचा आग्रह. आणि नळी आखूड दिसू नये म्हणून ती उंच, निमुळती पट्टी. इतरांनी नक्कल केली. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. तेव्हाची ती नाकं आजच्या गिऱ्हाइकांकडे वारशाने आली असावीत.

डॉक्टरांना फोन केला, मूळची आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. वडिलांनी नवी घेतली होती. कोणी विश्वास ठेवत नाही."

२१ नोव्हेंबर

परवाच्या उलटं. मालकांनी कपाटातून स्वतःहून एक बेल्जियन दुनळी काढली. लीजच्या प्रूफ हाऊसचा अंडाकृती शिक्का, आत ई एल जी. तोंडाशी नळ्यांत चांगली दीड मिलिमीटरची फट. "आता बोला, काका."

फटीत डाख नाही, लोखंडी पाचर. तिच्यावर नळ्यांचाच रंग, सलग. नळ्यांच्या टोकाला बोटभर रुंद वेलबुट्टी कोरलेली, तिची शेवटची किनार तोंडाच्या कडेपासून सारख्या अंतरावर, पूर्ण. कापलेल्या नळीवर किनार अर्धी तुटते. चोकही जागेवर. सगळेच कारागीर तोंड टेकवत नसत. स्वस्त बेल्जियन कामात, काही दहा बोअरच्या बंदुकांत, गोळी आणि छर्रे दोन्ही मारायला केलेल्या जोडनळ्यांत फट मूळचीच असते.

इंग्रजी बंदुकीत फट दिसली की मी संशय घेतो. बेल्जियनमध्ये दिसली की आधी पाचर बघतो.

२४ नोव्हेंबर, आजरा

थोरल्यांनी गाडी पाठवली. "पेटी हाय माळ्यावर, वाळवी लागल्याली, पर बघा." मी तिचाच शोध घ्या म्हणून सांगितलं होतं. जुनी दुनळी कातडी किंवा ओकच्या पेटीत यायची आणि पेटीत नळ्यांसाठी बेतून केलेला कप्पा असायचा. पेटी बदललेली नसेल तर त्या कप्प्याइतका सरळ साक्षीदार नाही.

झाकणाचं कातडं वाळवीने खाल्लेलं. आतल्या लेबलावर कलकत्ता एवढंच शिल्लक. हिरवी बनात विटून मातकट झालेली. नळ्यांचा कप्पा मी तीनदा मोजला: आतून ३० इंच २ सूत. आणि कप्प्याच्या एका टोकाला सागाचा ठोकळा बसवलेला, २ इंच २ सूत जाडीचा. ठोकळ्याला बनात नाही, खिळे देशी. नळ्या ठेवून पाहिल्या. ठोकळ्याला टेकून नेमक्या बसल्या, हलल्या नाहीत. ठोकळा काढला तर पुढे-मागे खुळखुळतात.

पेटीला बंदूक जुळते हे घोड्याच्या आणि कुलपाच्या खाचांवरून दिसतं. बनातीत त्यांचे वण पडलेत. पेटी हिचीच.

मग आत्या आल्या. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी, आवाज मोठा. भाच्यांनी विचारायच्या आधीच बोलल्या. "आमच्या आबांनी कापून आणली की! डुकरं लई झाल्ती रानात. गोळी घातली, आन् एका अंगाचं तोंड भोपळ्यावानी सुजलं. बेळगावास्नं कापून आणली. आय बोलली हुती त्यांस्नी, पंधरा दिस."

कुठल्या अंगाचं तोंड, हे मी दोनदा विचारलं. त्यांनी डावा हात वर केला. आठवणीला मी पुराव्यात शेवटी बसवतो, पण डाव्या नळीवर कोरलेले तीन इंग्रजी शब्द या बाईंनी वाचलेले असण्याची शक्यता नाही. आबांनीही वाचले नसावेत.

धाकटे भाऊ गप्पच झाले. त्यांच्या मनात कोण होतं ते मी विचारलं नाही. जेवण झक्कास होतं.

२६ नोव्हेंबर, कोल्हापूर

कापलेली, हे ठरलं. आता पुढचं, जे गिऱ्हाईक विचारत नाही: कापणाराने काम कसं केलं?

नळ्या मागच्या हुकाला दोरी बांधून टांगल्या आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्या. पट्ट्या घट्ट असतील तर घंटेसारखा लांब नाद येतो. इथे नाद आला, पण मध्येच चरचरला. वरची पट्टी तोंडाकडे सुटते आहे. मूळ पाचर गेल्यावर फटीत नुसता डाख ओतला आणि तो कुठेतरी फुटला असणार. आजऱ्याच्या पावसात त्या चिरेतून पाणी दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत जातं. बाहेरून तेल कितीही लावा, गंज आतून खातो आणि वरून काही दिसत नाही. पट्टीच्या खालच्या बाजूला एका जागी रंग फुगलेला आहे, तो त्याचाच.

तोल पण बिघडला आहे. अशी बंदूक बोटावर धरली की बिजागरीच्या पिनेजवळ तोलते. ही दस्त्याकडे कलते. पुढचं वजन गेलं.

थोरल्यांनी विचारलं, "कायद्यात अडकणार न्हाई न्हवं?" जे माहीत आहे ते सांगितलं. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवाना नसताना नळी आखूड करता येत नाही. लांबी मोजायची ती तोंडापासून काडतूस जिथे पेटतं तिथपर्यंत. संरक्षणाच्या किंवा खेळाच्या लायसनवर साधी नळी निदान २० इंच लागते. ही त्याहून खूप लांब आहे. ब्रिटनमध्ये हीच मर्यादा २४ इंच आहे, अमेरिकेत १८. पण कापलं कधी, कायद्याच्या आधी का नंतर, हे आत्यांच्या बोलण्यावरून ठरवणं माझं काम नाही. विक्रीच्या अर्जात लांबी आहे तीच, पावणेअठ्ठावीस, लिहा आणि नळी पूर्वी आखूड झालेली आहे हेही लिहा, म्हणालो. लपवलेलं नंतर महागात जातं.

२८ नोव्हेंबर

मालकांच्या लेटरहेडवर चिठ्ठी दिली. मजकूर इथे उतरवून ठेवतो:

"बारा बोअर दुनळी, बर्मिंगहॅम, १८७५ ते १८८७ दरम्यानची. नळ्यांची आजची लांबी २७ इंच ६ सूत. मूळ लांबी ३० इंच असावी. दोन्ही नळ्या तोंडाकडून कापलेल्या आहेत. डाव्या नळीचा मूळ चोक गेलेला आहे. वरची पट्टी तोंडाकडे सैल. नळ्या दमास्कसच्या व काळ्या दारूवर तपासलेल्या असल्याने आजची काडतुसं यात वापरू नयेत. बंदूक शोभेसाठी व संग्रहासाठी योग्य, वापरासाठी नाही."

गिऱ्हाईक निम्म्यावर ठाम राहिलं. मला ती किंमत कमी वाटत नाही. कापलेल्या जुन्या दुनळीचा भाव पडतोच, आणि सैल पट्टीचा खर्च वेगळा. पण भावांनी विकायचा विचार सोडला. थोरला म्हणाला, आबांनी कापली तर असू दे. धाकट्याला त्याच्या वाट्याचे पैसे थोरलाच देणार आहे, दोन हप्त्यांत.

ज्यांच्या घरात अशी दुनळी आहे त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. तोंडाला कानस लावू नका, फटीत डाख ओतू नका आणि चेंबरखालचे शिक्के चमकवायला पॉलिश पेपर घासू नका. माळ्यावर बंदुकीची रिकामी पेटी असेल तर ती भंगारात घालण्याआधी आतला कप्पा मोजून ठेवा.